दोन नंबरच्या खोलीतले डॉक्टर

६ जानेवारी

सूनबाईने ही डायरी पाठवली. पहिल्या पानावर लिहिलंय, "बाबा, मनात येईल ते यात लिहीत जा." मी तिला रोज दुपारी ऑफिसात फोन करून मनात येईल ते सांगतच असतो. त्यावरून मला लिहायचीही आवड असेल असं तिने ताडलं असावं. पोर हुशार आहे.

तर मनात आलेलं असं. आमचे जुने डॉक्टर दवाखाना सोडून मुलीकडे राहायला गेले. मान वर न करताच "काल काय खाल्लंत?" असं विचारायचे, की निम्मा आजार तिथेच पळायचा. आता दवाखाना नव्या लोकांनी घेतलाय. रंग दिलाय, माशांची पेटी ठेवलीय. खालच्या मजल्यावर राहणारे बँकवाले म्हणाले, जपून राहा, हल्ली दवाखान्यात डॉक्टर नसलेली माणसंही तपासायला बसवतात. गळ्यात नळी घातली की कोण ओळखतंय?

मी ओळखतो. मी सारी नोकरी लिफ्ट तपासण्यात घालवली. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने नुसतं झाकणही उघडायचं नाही, असा आमच्या खात्यात दंडक होता. मी ठरवलंय, दाखवीन तर अस्सल डॉक्टरलाच.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढताना हल्ली धाप लागते. गेल्या वर्षी नवी फरशी बसवली, तेव्हापासून पायऱ्या उंच झाल्यात.

९ जानेवारी

आज रक्तदाब दाखवायला गेलो. बाकावर शेजारी टाय लावलेले, चामडी बॅगवाले एक गृहस्थ बसले होते. रुबाबच सांगत होता. मी त्यांना पोट साफ होत नाही इथपासून सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं, मधेमधे मानही हलवली. शेवटी कळलं की ते औषध कंपनीचे विक्रेते आहेत. त्यांनी एक पेन दिलं. पेन चांगलं उठतं.

मग मी नीट पाहणी केली. खोल्या दोन. पहिल्या दारावर नुसतं एका बाईचं नाव आणि पुढे दोन-चार बारीक अक्षरं. चष्मा घरी राहिला होता. दुसऱ्या दारावर मोठ्या अक्षरांत "वरिष्ठ चिकित्सा सहयोगी". आता वरिष्ठ म्हणजे काय हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तेवढ्यात पहिल्या खोलीतून तिशीतली एक मुलगी बाहेर आली. पायात पळायचे बूट, केस रबराने बांधलेले. काउंटरवरच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तिने ओढून काढला आणि परत आत गेली. दुसऱ्या खोलीत पिकलेली दाढी, दोरीला लटकणारा चष्मा, खर्जातला आवाज. संशयाला जागाच नाही.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम मोकळ्या आहेत. की सर चालतील तुम्हाला?" मी म्हटलं, चालतील काय, धावतील.

सरांनी आधी खुर्ची दिली आणि म्हणाले, "एक सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. मी सहयोगी आहे. काही लागलं तर मॅडमना विचारतो." मी हसलो. आमचे मुख्य अभियंतासुद्धा नव्या माणसाला सांगायचे की मी आपला साधा मिस्त्री आहे. मोठ्या माणसांची हीच खूण. पुढे पंचवीस मिनिटं त्यांनी माझं सगळं ऐकलं. जुने डॉक्टरसुद्धा इतकं ऐकत नसत.

१४ जानेवारी

ही गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात जाऊन आली. आणि गेली कुणाकडे, तर त्या बूटवालीकडे. वर खुशीत. मॅडमनी व्यायाम शिकवला म्हणे, आणि दोन वर्षं घेत असलेली एक गोळी बंद केली.

मी म्हटलं, गोळी बंद करायचा तिला अधिकार काय?

"अहो, ती डॉक्टर आहे," ही म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच."

"हे बघ. ती सांगते मी डॉक्टर आहे. सर सांगतात मी डॉक्टर नाही. आता तूच विचार कर, खऱ्या माणसाला सांगायची गरज पडते का?"

ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मुद्दा पटला असावा. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने तिच्या भावाला फोन लावला आणि दोघं खूप वेळ हसत होती. कशावर ते कळलं नाही.

२३ जानेवारी

रक्तदाब पुन्हा दाखवला. सरांनी आजही तेच सुरू केलं, की मी डॉक्टर नाही हे लक्षात आहे ना. मी म्हटलं, आहे आहे, आणि डोळा मिचकावला. ते जरा गोंधळले. त्यांनी रक्ततपासणी करायला सांगितली आणि त्या कागदावर सही आणायला स्वतः उठून पहिल्या खोलीत गेले. एवढा वरिष्ठ माणूस, सहीसाठी स्वतः उठतो. आमच्या खात्यात शिपाई होता.

परत येताना दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. बँकवाल्यांची कुंडी बघत होतो, असं त्यांना सांगितलं.

४ फेब्रुवारी

आपल्याला कळलेलं आपल्याजवळच ठेवणं बरं नाही. आज मी सकाळपासून दवाखान्यात बसलो आणि नवीन माणसांना मार्गदर्शन केलं. तापलेलं मूल घेऊन एक बाई पहिल्या खोलीकडे निघाली होती. तिला थांबवून हळूच सांगितलं, खरे डॉक्टर तिकडे. रिक्षावाल्याला सांगितलं. कान दुखणाऱ्या शिक्षिकेला सांगितलं. दुपारपर्यंत दुसऱ्या खोलीपुढे रांग दारापर्यंत गेली आणि पहिल्या खोलीत ती मॅडम एकटी डबा खात बसली.

सर मधेच बाहेर आले. रांग बघून त्यांचा चेहरा उतरला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "डॉक्टर, लोकांना आता माणसं ओळखता यायला लागलीत." रांगेतले तीन-चार जण वळून आदराने बघायला लागले. सर काहीतरी बोलणार होते, पण मग त्यांनी नुसता चष्मा पुसला.

ते तापलेलं मूल त्यांनी स्वतः उचलून पहिल्या खोलीत नेऊन दिलं. मोठ्या मनाचा माणूस. हाताखालच्यांनाही शिकायला देतो.

काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "काका, तुम्हाला घरी काही काम नसतं का?" विचारणारं कुणी भेटलं की बरं वाटतं. मी तिला माझा दिवसभराचा क्रम सांगितला.

११ फेब्रुवारी

गेला आठवडाभर छातीत काहीतरी वेगळंच चाललंय. दुखत नाही. जुन्या लिफ्टला एक खोड असते. दोन मजल्यांच्या मधे क्षणभर अडखळते आणि मग झटका देऊन भलत्याच घाईत सुटते. तसं. हिला सांगितलं नाही. लगेच त्या मॅडमचं नाव काढेल.

संध्याकाळी सरांकडे गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ बघत राहिले. मग दुसरं मनगट. मग नळी लावली. शेवटी म्हणाले, "ठोके नीट पडत नाहीयेत. हे माझ्या आवाक्यातलं नाही, मॅडमनीच बघायला हवं. त्या आज बाहेर गेल्यात, मी त्यांना फोन करून ठेवतो. उद्या सकाळी पहिल्या नंबरला या. आणि तोवर छातीत दुखलं, चक्कर आली, तर उद्याची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही आहात ना? मग मला कसली काळजी?"

दार उघडंच होतं. बाहेर लोक बसलेले. सरांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "उद्या नक्की या," एवढंच म्हणाले.

आज ते "मी डॉक्टर नाही" म्हणाले नाहीत. ओळख वाढली की माणसाचा संकोच जातो.

१२ फेब्रुवारी

गेलो नाही. ज्यांनी तपासायचं त्यांनी तपासलं. आता हाताखालच्या मुलीकडे जाऊन तेच पुन्हा काढून घ्यायचं म्हणजे साहेबांनी पास केलेली लिफ्ट शिकाऊ पोराकडून तपासून घेण्यासारखं आहे.

काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. मॅडम वाट बघतायत म्हणाली. मी म्हटलं, मॅडमना सांग, तसदी घेऊ नका, मी मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. कधी? कालच. काय म्हणाले? म्हटलं, त्यांनी सगळं नीट बघितलंय आणि आता ते बघून घेतील. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "मग बरं झालं काका, मोठ्या डॉक्टरांनीच बघितलं म्हणजे प्रश्न मिटला. मी मॅडमना आणि सरांना तसं सांगते."

चांगली मुलगी आहे. पटकन समजतं.

१६ फेब्रुवारी

जिना तीनदा थांबत चढलो. पायऱ्यांच्या उंचीबद्दल सोसायटीकडे तक्रार करायला हवी.

२० फेब्रुवारी

हॉस्पिटल. हाताला सुई आहे. उद्या लिहीन.

२१ फेब्रुवारी

ही खुर्चीत बसून झोपलीय. लिहून घेतो.

परवा मी दवाखान्यात नेहमीच्या जागी बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना मी समजावत होतो की पहिली खोली कुणाची आणि दुसरी कुणाची. "खरे डॉक्टर" एवढं म्हणालो आणि छातीत ती लिफ्ट सुटली. अडखळली नाही, सुटलीच. मासे दिसत होते, मग नुसता निळा रंग. मी बाकावरून खाली घसरलो.

डोळे उघडले तर ती बूटवाली माझ्याजवळ फरशीवर गुडघे टेकून बसली होती. तिचे हात माझ्या शर्टाच्या बटणांवर. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तू नको, डॉक्टरांना बोलाव. ती म्हणाली, मीच आहे, हात सोडा. मी सोडला नाही. म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना बोलाव. एवढं बोलायलाही दम लागत होता, पण दंडक म्हणजे दंडक.

सर धावत आले. ते माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांचा चष्मा दोरीला लटकत माझ्या नाकावर आपटत होता. सगळा दवाखाना बघत होता. ते म्हणाले, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. या डॉक्टर आहेत. आता हात सोडा आणि त्यांचं ऐका."

त्यांच्या चेहऱ्यावर विनय बिनय काही नव्हता. मी हात सोडला.

मग तिने काय काय केलं ते मला धड आठवत नाही. छातीवर गार काहीतरी चिकटवलं, मशिनमधून पट्टी निघाली, तिने ती नुसती एकदा बघितली आणि फोनवर कुणाला तरी इतक्या थोड्या शब्दांत सगळं सांगितलं की मला आमच्या खात्याचे अहवाल आठवून लाज वाटली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती तिथेच फरशीवर बसून होती. मला म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, मी आहे." आजोबा. मी फक्त सदुसष्टचा आहे.

इथले म्हणतात हृदयाचे ठोके ताल सोडून पळत होते. वेळेवर आणलं. आणखी थोडे दिवस असंच काढलं असतं तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे गेली असती. आता गोळ्या कायमच्या.

हे ऐकताना हिने माझा हात धरला होता. नंतर ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही, गाड्या. खिडकीसमोर भिंत आहे.

२२ फेब्रुवारी

दुपारी सर आले. संत्री घेऊन. बसले आणि एक संत्रं सोलायला लागले. शीर अन् शीर काढून झाली तरी फोड कुणाला देईनात.

मग म्हणाले, "पहिल्या खेपेला मी तुम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेलाही. मग त्या दिवशी तुम्ही रांगेसमोर डॉक्टर म्हणालात आणि सगळे माझ्याकडे त्या नजरेने बघायला लागले. मी गप्प बसलो. ऐकायला बरं वाटलं हो. तिथेच धरून नीट सांगितलं असतं, तर पुढे मी बोलावलं त्या सकाळी तुम्ही मॅडमकडे गेला असतात. आणि तुम्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवलंत असं ती मुलगी म्हणाली, तेव्हा मीही विचारलं नाही, कुठल्या? मला वाटलं हॉस्पिटलातल्या. तुमच्या मनात मीच होतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

ते पूर्वी जहाजावर रुग्णसेवेला होते. तिथे महिनोन्‌महिने दुसरं कुणीच नसायचं, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. नंतर त्यांनी या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली. परवाना आहे त्यांच्याकडे, पण सहयोगी म्हणून. कुठवर बघायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

मला राग यायला हवा होता. आलाही. पण समोरच्या माणसाचे डोळे भरलेले असले आणि त्याच्या हातात आपल्यासाठी सोललेलं संत्रं असलं की राग नेमका कुठे ठेवायचा ते कळत नाही. मी म्हटलं, तुम्ही दोनदा सांगितलंत, ते मी दोन्ही वेळा ऐकलं नाही. ते म्हणाले, तिसऱ्यांदा सांगणं माझं काम होतं.

ही कोपऱ्यातून म्हणाली, "भावजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यांना 'नाही' हा शब्द ऐकूच येत नाही. मी लग्न ठरताना दोनदा म्हटलं होतं."

सर हसले. मीही हसलो. नंतर विचार करत बसलो, ही चेष्टाच करत असावी.

३ मार्च

घरी आलो. मुलगा आणि सूनबाई येऊन गेले. सूनबाई म्हणाली, बाबा, डायरी लिहा, पण मला फोनही करत जा, रोज. छातीचं सगळं डायरीत लिहिलं होतं आणि फोनवर मात्र नुसत्या पायऱ्यांबद्दल बोलत होतो, हे तिला कसं कळलं कोण जाणे. डायरी टेबलावर उघडी राहिली होती खरी.

११ मार्च

आज मॅडमकडे. पहिल्या खोलीत पहिल्यांदाच गेलो. बोलायचं काय ते घरून ठरवून निघालो होतो, पण त्यांनी बोलू दिलं नाही. आधी तपासलं, सगळ्या गोळ्या एकेक करून विचारल्या, मग पेन खाली ठेवलं. "माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण कोण काय आहे ते आम्हाला विचारा. पुन्हा पुन्हा विचारा. अंदाज करू नका." मी म्हटलं, तुमच्या दारावरची अक्षरं फार बारीक आहेत. त्या उठून बाहेर गेल्या, दाराकडे लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे."

मग पाट्यांवरून दवाखान्यात बैठकच बसली. पहिल्या दारावर मोठ्ठं "डॉक्टर" लिहायचं यावर एकमत झालं. दुसऱ्यावर काय? "वरिष्ठ" काढा, असं सर स्वतःच म्हणाले. "सहयोगी" वाचून लोकांना सहकारी बँक आठवते, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. शेवटी सरांच्या हट्टाने "हे डॉक्टर नाहीत" असा कागद चिकटवला. तासाभरात तिघांनी दार ढकलून विचारलं, मग डॉक्टर कुठे गेलेत आणि कधी येणार? एका बाईंनी तर चौकशी केली की यांना कधी काढलं.

मी मजकूर सुचवला. "हे तपासतात, ऐकून घेतात, साध्या आजारावर सल्ला देतात. डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत. शंका आली की हे तुम्हाला तिकडे नेतील. तेव्हा जा." शेवटचे दोन शब्द माझ्या आग्रहाने राहिले.

२५ मार्च

पाटी लागली. पण पाटी कोण वाचतं? आजही एकजण त्या टायवाल्या विक्रेत्याला जीभ काढून दाखवत होता.

म्हणून मॅडमनी मला एक काम सोपवलंय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी बाकावर बसायचं आणि नवीन येणाऱ्याला सांगायचं की कुठल्या खोलीत कोण बसतं, ते काय करतात आणि काय करत नाहीत. म्हणाल्या, हे तुमच्याइतकं कळकळीने कुणी करणार नाही. सरांनीही दुजोरा दिला. माझ्या हातून झालेल्या गोंधळानंतर हा एवढा विश्वास म्हणजे मोठीच गोष्ट. हिला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मॅडमशी ती आदल्या दिवशी बराच वेळ फोनवर बोलत होती, गुडघ्याबद्दल असेल.

नियम कडक आहेत. काम सुरू करण्याआधी मॅडम माझी नाडी बघतात, रक्तदाब घेतात आणि सकाळच्या गोळ्या घेतल्या का ते विचारतात. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागतं, असं त्या म्हणाल्या. काउंटरवरच्या मुलीची नाडी बघताना मी त्यांना अजून पाहिलेलं नाही. ती बहुधा माझ्या आधी येत असावी.